लाईनीत किती जागा हाय

वाव्हळे कंडक्टर कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेर उभं राहून आधी विचारायचे, "आत किती जागा हाय?"

घरात एकटी म्हातारी असो की लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं असो, प्रश्न ठरलेला. "या की" म्हटलं तर यायचे नाहीत. "एक माणूस बसेल एवढी आहे" असं चोख उत्तर मिळालं की चपला काढायचे. मानवतच्या आमच्या गल्लीत काहींना हा टोमणा वाटायचा. कंडक्टरांचं घर बौद्धांचं, गल्लीच्या टोकाचं. बाकी घरं आम्हा मराठ्यांची आणि दोनचार दुकानदारांची. वर्षं नामांतराच्या भांडणाची. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून ओट्यावरच्या गप्पासुद्धा दोन वेगवेगळ्या ओट्यांवर बसायला लागल्या होत्या. तेव्हा टोमणा थोडाफार असेलही. पण सख्ख्या भावाच्या दारातही त्यांना हेच विचारताना मी पाहिलं आहे.

सगळी नोकरी एसटीत गेलेली, बरीचशी परभणी-पालम गाडीवर. जगात दोनच प्रकारची माणसं आहेत असं त्यांचं मत होतं: जागा विचारून चढणारी आणि आधी चढून मग भांडणारी. चहा दिला तर विचारायचे, "दुधाला जागा ठिवली का?" एकदा आमच्या घरी जेवायला होते. माझ्या नवऱ्यानं सवयीनं बुंदीचा आग्रह केला. कंडक्टरांनी दोन्ही हात ताटावर पालथे धरले आणि भरल्या घरात ओरडले, "फुल्ल झाली. मागची गाडी रिकामी हाय." मागच्या गाडीला, म्हणजे शेजारी बसलेल्या माझ्या दिराला, त्या दिवशी चार वेळा बुंदी मिळाली.

आता माझं सांगते. गल्लीतली पिठाची गिरणी माझी. नवरा शेत बघतो, मी गिरणी बघते, आणि दोघंही एकमेकांच्या कामात बोलत नाही. संसार टिकण्याचं तेवढंच कारण मला माहीत आहे.

कंडक्टरांच्या बायकोचं नाव गोदाबाई. विहिरीच्या पायरीवरून पडल्या तेव्हापासून त्यांचे पाय गेले. आधी बाया जाता-येता दारात टेकायच्या. मग नामांतराच्या भांडणात आमची बाजू यायची कमी झाली, त्यांच्या बाजूच्या बायांना कामं होती. गोदाबाई खाटेवरून रस्ता बघायच्या. भीमजयंतीची मिरवणूक गल्लीच्या तोंडावरून जायची, तिचा बँड त्यांना ऐकू यायचा. दिसायची मात्र फक्त धूळ.

निवृत्त झाल्यावर कंडक्टरांनी जाहीर केलं की पुढची मिरवणूक गोदाबाई धुळीच्या आतून बघणार.

त्यासाठी त्यांनी गाडी बनवली. हातगाडीचा सांगाडा, सायकल रिक्षाची चाकं, आणि जुन्या जीपचा डायनॅमो उलटा चालवून केलेली मोटर. खाली फळीवर ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांची रांग. पुढं बसून दांडा धरायचा गोदाबाईंनी. मागच्या फळीवर उभं राहून घंटीची दोरी ओढायची कंडक्टरांनी. दोन टण म्हणजे चल, एक टण म्हणजे थांब. घंटी वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम. बायको हाताच्या अंतरावर बसलेली, तोंडानं सांगितलं तरी चाललं असतं, पण ड्रायव्हरशी बोलू नये असं गाडीत लिहिलेलं असतं. गाडी म्हशीपेक्षा हळू जायची. ब्रेक नव्हते. "इतक्या स्पीडला ब्रेक लावनं म्हंजे गाडीचा अपमान हाय, अक्का," ते मला म्हणाले.

गाडी उत्तम होती. पण तिला करंट फार लागायचा.

बॅटऱ्या भरायला कंडक्टरांनी माठाएवढा ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हातानं गुंडाळला होता. तो चालू केला की गल्लीतले दिवे मेंदीच्या रंगाचे व्हायचे आणि माझ्या गिरणीची मोटर दळायचं सोडून हुंकार द्यायला लागायची. आमची गल्ली लाईनीच्या शेवटी, डीपी म्हणजे गल्लीचा सरकारी ट्रान्सफॉर्मर म्हातारा. लाईट यायची ती बहुतेक दुपारची, आणि तेव्हाच सगळ्यांना सगळं सुचायचं.

मी तशीच पिठाच्या हातांनी त्यांच्या दारात गेले.

"कंडक्टर, तुमची गाडी पोटभर जेवायलीय आन माझी गिरणी उपाशी मरायलीय."

त्यांनी आधी स्विच बंद केला, मग माझ्याकडं बघितलं. "चूक माझी हाय, अक्का. जागा न इचारता चढलो."

"मग रात्री भरा."

"रात्री लाईट कुठं ऱ्हाती?"

हे खरं होतं. दोघांनाही दुपारच हवी होती. माझ्या गिरणीसमोर खतांचं दुकान असलेले बाबाराव तिकडून खुर्चीतूनच ओरडले, "वायर तोडून टाका त्यांची. आमच्या लाईनीवर कसले खेळ."

"लाईन सरकारची हाय, बाबाराव," मी म्हणाले. "तुमच्या आज्यानं वढली न्हाई."

कंडक्टर चार दिवस दिसले नाहीत. मग गिरणीच्या दारात येऊन उभे. "आत किती जागा हाय?"

"तुमी आन हे जे काय काखेत हाय, तेवढी."

काखेत जुना रेकॉर्ड प्लेयर होता. गाणी वाजवायची त्याची इच्छा संपलेली, फिरायची शिल्लक. फिरत्या तबकडीवर कंडक्टरांनी तांब्याचा पत्रा चिकटवला होता. आतल्या बाजूला तो जवळजवळ पूर्ण गोल; बाहेर कडेकडे येताना निमुळता होत होत शेवटी बोटाएवढा उरलेला. वर सुईच्या जागी पितळेचं टोक. सेलवर चालणारी एक बारीक तार गिरणीतून गल्लीवरून त्यांच्या घरी गेली, आणि तिकडच्या टोकाला टॉर्चचा दिवा लागला.

टोक तांब्यावर असेपर्यंत तिकडचा दिवा पेटणार, तांबं सरलं की विझणार. तबकडी फिरत राहिली की दिवा उघडझाप करणार. सुई आत सरकवली की पेटलेला वेळ मोठा, विझलेला छोटा. बाहेर सरकवली की उलट.

"जाड तारंतून करंट जाईल, बारीक तारंतून निरोप," कंडक्टर म्हणाले. "गिरनी तुमची, लाईन वढायलीय का न्हाई ते तुमाला कळतं. तुमी सुई सरकवून सांगायचं, लाईनीत किती जागा हाय. दिवा अर्धा वेळ पेटला तर अर्धी गाडी रिकामी. जरासा पेटून लय वेळ इझला तर पायरीवर एक पाय ठिवन्यापुरती जागा. तेवढंच घ्यायचं, वर एक पॅसेंजर न्हाई."

"आन घ्यायचं कमीजास्त कोन करनार?"

"ही हाय की." गोदाबाईंच्या खाटेशी त्यांनी लाकडी मुठीचा रेग्युलेटर बसवला होता. दिवा बघायचा आणि मूठ फिरवायची. शेजारी एक बटण, त्याची घंटी माझ्या गिरणीत. दोन टण म्हणजे घ्यायला लागले, एक टण म्हणजे थांबले.

मी व्यवहारी बाई आहे. मला एक शंका आली. "उगं एवढी चकरी कशाला फिरवायची? दिवा मोठा केला की लय घ्या, बारीक केला की कमी घ्या. झालं."

कंडक्टरांना हा प्रश्न फार आवडला. जागा विचारल्यासारखा वाटला असावा. "अक्का, सेल उतरले, तार लांब झाली, तर दिवा आपोआपच मंद हुईल. मग तुमचा निरोप मंद का सेल मंद, हिला कसं कळावं? पन दिवा कितीबी मंद झाला तरी अर्धा वेळ म्हंजे अर्धाच वेळ. उजेड खोटं बोलतो. हिस्सा बोलत न्हाई."

"आन दिवा इझलाच तर?"

"तार तुटली. घ्यायचं न्हाई."

"आन इझलाच न्हाई, सारखा पेटत ऱ्हायला तर?"

"तरीबी घ्यायचं न्हाई," ते म्हणाले. "जो मदी थांबत न्हाई, त्याचं बोलनं खरं मानू नये. बोलनाऱ्याला श्वास घ्यावा लागतो." म्हणून त्यांनी तांबं कुठंच पूर्ण गोल ठेवलं नव्हतं, सुई अगदी आत नेली तरी चिमूटभर अंधार राहायचाच.

हे त्यांनी गोदाबाईंना मात्र वेगळ्या भाषेत शिकवलं. "सारखा दिवा म्हंजे तुझी मावशी समज." गोदाबाई पुन्हा कधी चुकल्या नाहीत.

व्यवस्था चालली. मी व्होल्टच्या काट्याकडं कमी आणि मोटरच्या आवाजाकडं जास्त बघते. गव्हाचं दळण टाकलं की सुई बाहेर, नुसता भरडा काढायचा असला की आत, गिरणी रिकामी फिरत असली की पार आत. तिकडून टण टण. गल्लीतले दिवे पुन्हा पिवळे झाले. गिऱ्हाइकांना वाटायचं मी रेकॉर्ड लावते. एका आजीबाईंनी तर भजन लाव म्हणून धरलं. एकदा डेपोतले एक ड्रायव्हर दळणासाठी थांबले होते. टण टण झाली, तसे ते डबा न घेताच उठून निघाले. चौकापर्यंत गेल्यावर त्यांना आठवलं की आज सुट्टी आहे.

हळूहळू मला गोदाबाईंचा हात ओळखू यायला लागला. बरं वाटत असेल तेव्हा टण टण चटकन यायची. कंबर दुखत असेल तेव्हा दोन टणांमध्ये अंतर पडायचं. मग मी दळण आटोपून त्यांच्याकडं चक्कर टाकायचे. मी काही रोज कुणाच्या दारात बसणाऱ्यांतली नाही. पण घंटीला अंतर पडलं तर काय झालं ते बघायला नको का?

जयंती आली. आदला दिवसभर लाईट नव्हती. त्यात गोदाबाईंनी आदल्याच दिवशी मिरवणुकीच्या रस्त्यावर गाडी चालवून सराव केलेला, म्हणजे बॅटऱ्या रिकाम्या. जयंतीची सकाळही कोरडी गेली. कंडक्टर पांढरा सदरा घालून दारात उभे, गोदाबाई पांढरं पातळ नेसून खाटेवर. मी गेले तेव्हा गोदाबाई एवढंच म्हणाल्या, "वैनी, यंदाबी धूळच दिसती वाटतं."

दुपारी लाईट आली. माझ्या आधी बाबाराव गिरणीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोरीचं लग्न, पेडगावचं वऱ्हाड येणार, गव्हाची पोती आणि लाडवाच्या भरड्याची डाळ दारात लागलेली.

"आज त्या दिव्याला पूर्ण इझव," बाबाराव म्हणाले. "त्यांची जयंती दर साली येती. माझ्या पोरीचं लग्न एकदाच हाय."

"दोनीबी होतंय," मी म्हणाले. "बसा गुमान."

मी गहू टाकला, सुई बाहेर काढली. तिकडून टण टण. मोटर नीट ओढत होती. मी दुसरं पोतं सोडायला पाठ वळवली. तेवढ्यात घंटी वाजली: एक टण.

थांबले? का थांबले? लाईट आहे, तार आहे. वळून बघते तर बाबाराव रेकॉर्ड प्लेयरपाशी उभे, आणि पितळेचं टोक तबकडीच्या अगदी मधल्या बोल्टवर टेकवलेलं. दिवा विझवायला गेले होते. गाण्याची रेकॉर्ड संपली की सुई मधे जाते, म्हणजे मधे ठेवलं की बंद, असा त्यांचा हिशोब. आणि तो बोल्ट तांब्याला जोडलेला, त्यावर तर अंधार चिमूटभरही नव्हता. तिकडं दिवा सारखा पेटला होता. हे न शिकलेल्या माणसाला तो दिसला असता तर त्यानं आनंदानं मूठ शेवटपर्यंत फिरवली असती. गोदाबाईंनी मावशी ओळखली, मूठ शून्यावर आणली आणि घंटी दिली.

मी टोक परत तांब्याच्या कडेला सरकवलं आणि बाबारावांना हे सांगितलं. त्यांनी मोटरकडं बघितलं. पीठ पडत होतं.

"म्हंजे त्या बाईनं घेतला असता तर?"

"डीपीचा फ्यूज गेला असता. आज जयंतीची सुट्टी. लाईनमन सापडूस्तोवर तुमचं वऱ्हाड उपाशी."

बाबाराव काही संत झाले नाहीत. पण त्यांना हिशोब कळतो. खुर्ची ओढून ते रेकॉर्ड प्लेयरपाशी बसले, राखणदारासारखे. थोड्या वेळानं म्हणाले, "डाळीचा भरडा आधी काढ. त्याला कमी लागतंय ना? तेवढ्यात तिकडं जास्ती जाऊ दे. मग गव्हाला सगळं घे." हे मलाही सुचलं होतं, पण मी त्यांना शाबासकी दिली. माणसाला आपली अक्कल वाटली की ती जास्त दिवस टिकते.

दुपारभर आम्ही तसंच केलं. भरडा, सुई आत, टण टण. गहू, सुई बाहेर. मधेच कुणी डबा घेऊन आलं की बाबाराव डाफरायचे, "लाईनीत जागा न्हाई, बस खाली." त्यांचं शेवटचं पोतं दळून झालं आणि तिकडून एक टण आली. मग मिनिटभर काही नाही. मग टण टण टण टण, अर्थ नसलेली. बॅटऱ्या भरल्या होत्या आणि गोदाबाई नुसती घंटी वाजवत होत्या.

ऊन कलताना मिरवणूक आली. पुढं निळे झेंडे, बँड, मग फोटोचा सजवलेला ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या मागं, कुणी न ढकलता, स्वतःच्या स्वतः, कंडक्टरांची गाडी. दांड्यावर गोदाबाई. त्यांची नजर ड्रायव्हरची होती, समोर. मागच्या फळीवर कंडक्टर, एका हातात दोरी, खाकी टोपी घातलेली, पांढऱ्या सदऱ्यावर. नाचणारी पोरं गाडीला वाट देत होती आणि बायका धावत येऊन गोदाबाईंच्या हाताला हात लावत होत्या. बँडपेक्षा घंटीच जास्त ऐकू येत होती.

गिरणीसमोर एक टण झाली. गाडी थांबली, उतार नव्हता म्हणून थांबली.

"वैनी," गोदाबाई म्हणाल्या, "एका मानसाची जागा हाय."

मी पदराला हात पुसले आणि चढले. चौकापर्यंत गेले. लोक काय म्हणाले ते मला माहीत आहे, कारण त्या सगळ्यांना दळण माझ्याकडंच आणावं लागतं. बाबाराव दुकानाच्या पायरीवर उभे होते. गाडी पुढून जाताना त्यांच्या तोंडून निघालं, "अरे जागा द्या, जागा द्या गाडीला." कंडक्टरांनी त्यांच्याकडं बघून टोपीला हात लावला. "लय ड्रायव्हर बघितले, अक्का," ते मागून माझ्या कानाशी म्हणाले, "वळनावर हिच्यासारखा थंड एकबी न्हाई."

पुढं नामांतर झालं आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीला नवा डीपी आला. दोन्हींचे अर्ज जुने होते. आता गिरणी, गाडी, सगळ्यांचे पंखे एकदम लावा, दिवा हलत नाही. मी कंडक्टरांकडं निघाले, म्हटलं सांगावं, आता ती तार काढून टाका, माझ्या गिरणीत तबकडीला उगाच जागा लागते.

ते घरात नव्हते, गोदाबाईंना घेऊन बाजारात गेलेले. खाटेशी रेग्युलेटर होता. त्याच्या मागं पत्र्याचा एक डबा खिळ्याला टांगलेला. गिरणी चालवणाऱ्या बाईला उघडा डबा बघितल्याशिवाय राहवत नाही. आत करंटनं चालूबंद होणारे रिले होते, ओळीनं बसवलेले, तारा नीट बांधलेल्या, आणि एक छोटी मोटर, रेग्युलेटरची मूठ फिरवण्याच्या मापाची. धूळ जुनी होती.

कंडक्टर आले. मी डबा दाखवला. "हे काय हाय?"

"हे दिवा बघून आपोआप मूठ फिरवतंय."

"मग चाललं न्हाई का?"

"पैल्याच दिवशी चाललं. गिरनीत तार आनायच्या आधी." त्यांनी गोदाबाईंना खाटेवर बसवलं, त्या चूळ भरायला वळल्या, तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "मशीन लावली आसती तर हिला कोन इचारलं आसतं, अक्का? दारात यायचं सगळ्यानी सोडलं व्हतं. मला वाटलं, दिवसातून चार-सा बारी तरी कोनीतरी हिला सांगावं, बाई, तुला एवढी जागा हाय. आन हिनं म्हनावं, घेतली."

"तुमी हाव की घरात. दिवसभर बोलताव."

"मी नवरा," कंडक्टर म्हणाले. "माझं बोलनं म्हंजे सारखा पेटल्याला दिवा. ते कोन खरं मानतंय?"

मी डबा परत खिळ्याला टांगला. तार काढायचं राहिलं.

अजून दुपारी मी तबकडी सुरू करते. लाईनीत आता हवी तेवढी जागा असते, म्हणून सुई पार आत ठेवते, चिमूटभर अंधार सोडून. मग दळण टाकत टाकत थांबते. तिकडून टण टण येते.